दिवा जरा बंद करता का?

काल रात्री तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून किती तारे दिसले? अंदाज नको, मोजून सांगा. मी मोजले. कोथरूडमधल्या आमच्या गच्चीवरून अकरा. त्यातला एक चालायला लागला, म्हणजे ते विमान निघालं. राहिले दहा.

हा स्कोअर मी आमच्या ग्रुपवर टाकला आणि सगळी भानगड तिथून सुरू झाली. ग्रुपमध्ये आम्ही तिघं. एक टेकी, जो हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि त्याचे पैसे घेतो. दुसरी एचआर, म्हणजे लोकांना गोड बोलून घरी पाठवते. आणि तिसरी मी, फ्रीलान्सर. माझा वीकएंड मंगळवारी असतो, नाहीतर नसतोच. टेकीने दिवाळीत सेकंडहँड डीएसएलआर घेतला होता आणि त्यावर आत्तापर्यंत भाचीचा वाढदिवस आणि दोन वडापाव एवढंच शूट केलं होतं. त्याचा रिप्लाय आला, ‘बॉस, स्टार ट्रेल्स करायचे. काळोख शोध.’

काळोख शोध! फ्लॅट शोध, जॉब शोध, नवरा शोध हे सगळं ऐकून झालंय. काळोख शोधायला पहिल्यांदाच कुणी सांगितलं. पण तो माझ्याकडे होता. माझं आजोळ अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. गावाचं नाव सांगणार नाही. मे-जूनमध्ये काजवे चमकायला लागले की त्या भागात गाड्यांच्या हेडलाइट्सची कशी रांग लागते ते मी पाहिलंय. काजवे बिचारे कुणाला शोधतायत आणि आपण कुणावर प्रकाश मारतोय, काही ताळमेळ नाही. असो.

चंद्र नसलेली रात्र हवी, म्हणून कालनिर्णय काढलं. लाँग वीकएंड कधी आहे ते आम्हाला झोपेत विचारा, पण अमावस्या? तिघांनी मिळून पान उलटलं. जानेवारीत, संक्रांतीनंतरचा शनिवार, अमावस्येला चिकटून. झक्कास!

आता आधी फंडा क्लिअर करू. नेहमीचा फोटो काढतो तेव्हा शटर सेकंदाचा शंभरावा भाग वगैरे उघडतं आणि मिटतं. रात्री तेवढ्यात काही म्हणजे काही हाती लागत नाही. म्हणून ते उघडंच ठेवायचं. दहा सेकंद, वीस, तीस. प्रकाश आत साठत राहतो आणि डोळ्यांना न दिसलेले तारेही फोटोत उमटतात. गोची एकच, पृथ्वी फिरते. चोवीस तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५. शटर फार वेळ उघडं राहिलं की ताऱ्याचा ठिपका राहत नाही, रेघ होते. ठिपकेच हवे असतील तर ढोबळ हिशेब असा, की ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८ मिलिमीटरची लेन्स आणि आमच्यासारखा लहान सेन्सर असेल तर आधी १८ ला दीडने गुणायचं, २७ येतात. ५०० भागिले २७, साधारण १८ सेकंद. त्याच्या आत ठिपके, पुढे रेघा.

आणि रेघाच हव्या असतील तर? मग तीस-तीस सेकंदांचे फोटो एकामागून एक काढत सुटायचं आणि नंतर कम्प्युटरवर एकावर एक रचायचे. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कॅमेरा उत्तरेकडे असेल तर सगळे तारे ध्रुवाभोवती गोल रेघा काढतात. ध्रुव शोधणं सोपं आहे. तुम्ही जेवढ्या अक्षांशावर, तेवढाच तो क्षितिजापासून वर. आपल्याकडे म्हणजे साडेअठरा-एकोणीस अंशांच्या आसपास. हात लांब करून वीत ताणली, की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जवळपास तेवढं अंतर होतं. गंमत म्हणजे अढळपद वगैरे ठीक आहे, पण ध्रुवही बरोबर मधोमध नाही. फोटो झूम केला की त्याचीसुद्धा इवलीशी रेघ दिसते.

एवढा सगळा अभ्यास करून आम्ही शनिवारी निघालो. चाकणचं ट्रॅफिक, नारायणगावला मिसळ, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. गावात पोचेपर्यंत सात वाजले. गाडीतून उतरले, ऐटीत दोघांना म्हणाले, ‘आता वर बघा!’ आणि वर बघितलं.

वर आकाश नव्हतं. वर दिवा होता.

आजीच्या अंगणासमोरच्या खांबावर पांढराफटक एलईडी. तिरका बसवलेला, तोंड अर्धं आकाशाकडे आणि अर्धं आमच्या डोळ्यांत. अंगण, ओटा, कौलं, समोरचा आंबा, सगळं ऑफिसच्या पार्किंगसारखं उजळलेलं. टेकीने कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली. एचआर म्हणाली, ‘वी शुड टॉक टू समवन.’ सवय!

‘बघितला का लाईट? दसऱ्याला बसवला,’ आजी ओट्यावरून म्हणाली. लोक नवी गाडी दाखवतात ना, तशी.

मी गप्प बसले. पण जेवताना राहवेना. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, संक्रांतीचे उरलेले तिळगूळ. आजी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तेवढ्यात मी लाडात येऊन विचारलं, ‘आजी, तो दिवा थोडा वेळ बंद नाही का करता येणार? आम्हाला अंधार हवाय.’

‘अंधार हवाय?’ आजीने हात थांबवला. ‘त्यासाठी पुण्याहून आलात?’

टेकीने ताऱ्यांचं समजावून सांगितलं. आजीने नीट ऐकून घेतलं. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, ‘तुझं आजोबा अंधारातच गेलं गं पोरी.’

१९७९ साल. भाताची मळणी झालेली. रात्री म्हैस ओरडली म्हणून आजोबा गोठ्याकडे निघाले. कंदिलातलं रॉकेल संपलेलं होतं. गोठा किती लांब? वीस पावलं. पेंढ्याच्या कडेला घोणशीवर पाय पडला. बैलगाडीतून राजूरला नेलं, पण वाटेतच...

आजोबा साप चावून गेले एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. वीस पावलं हे माहीत नव्हतं. रॉकेलचंही माहीत नव्हतं. आजी तेव्हा तेहतीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून फार मोठी नाही. त्यानंतर रात्री अंगणात उतरताना ती काठी आपटत उतरायची. सुट्टीत आम्ही पोरं तिची नक्कलही करायचो. ती काठी आता दाराआड उभी होती, दसऱ्यापासून.

घास घशाखाली उतरेना. मी एका शनिवारसाठी काळोख शोधत आले होते. आजीने त्यात सगळं आयुष्य काढलं होतं आणि तिची त्यातून आत्ता कुठे सुटका झाली होती. म्हटलं, ‘राहू दे आजी. नको काही.’

‘आता का नको? एवढं लांबून आलात.’ आजीने पदराला हात पुसले. ‘तात्याकडं बटण आहे, त्याला सांगा. पण पायात बूट घालून बसायचं. बॅटरी हातात पाहिजे. आणि न बघता ओट्याखाली पाय ठेवायचा नाही कोणी.’

कसली नियमावली घेऊन बसलोय आपण ऑफिसात! ही अशी तीन वाक्यांत असते.

शेजारच्या तात्यांनी अट घातली, ‘दहाला बंद, अकराला चालू. त्याच्या पुढं गेलं तर पंचायत मलाच बंद करंल.’ तोपर्यंत आम्ही तयारीला लागलो. तयारी म्हणजे काय, शुद्ध जुगाड. ट्रायपॉड हलका, वाऱ्याने थरथरतो, म्हणून त्याच्या मधल्या हुकाला दगडांनी भरलेली बाजाराची पिशवी टांगली. शटरचं बटण तासभर कोण दाबून धरणार? रिमोट पुण्यात विसरला होता. आजीने डब्यातून चिंचोका दिला. तो बटणावर ठेवून वरून रबरबँड ताणला, कॅमेरा सलग फोटो काढायच्या मोडवर. एक नंबर! धरण जवळ असल्याने लेन्सवर दव धरणार होतं. त्यावर आजीने मीठ तव्यावर गरम केलं, फडक्यात बांधून पोटली दिली. टेकीच्या मोज्यात ती घालून मोजा लेन्सभोवती गुंडाळला. मोजा धुतलेला होता, असं तो अजूनही सांगतो.

राहिला घराचा प्रकाश. ताऱ्यांना तीस सेकंद दिले तरी घर काळंच राहतं, त्यावर आपण थोडा उजेड टाकावा लागतो. बॅटरी सरळ मारली की भिंत भुतासारखी पांढरी दिसते. म्हणून मामेभावाने उडवून झालेल्या पतंगाचा नारिंगी कागद बॅटरीला बांधला. आणि माळ्यावरचा कंदील खाली काढला. त्यात कित्येक वर्षांत रॉकेल पडलेलं नाही. पतंगाचा कागद लावलेली छोटी एलईडी बॅटरी आत ठेवून दिली. आमच्या फोटोतला तो उबदार, जुना, गावाकडचा वगैरे कंदील हा असा आहे. सांगून टाकलेलं बरं.

दहा वाजता खट् असा आवाज झाला.

पहिली दोन मिनिटं काहीच दिसलं नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच मोबाइलमध्ये डोकावलं की मीटर पुन्हा शून्यावर. हळूहळू कौलांची कड दिसली, मग कळसूबाईच्या रांगेची काळी रेघ. आणि मग आलं हो सगळं अंगावर! माथ्याजवळ मृग, त्याच्या पोटातलं तिकांडं, खाली झगझगीत व्याध, वर रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका. वायव्येला शर्मिष्ठेचा तिरका डब्ल्यू. एचआर चक्क गप्प होती.

‘ते बघ बाजलं,’ आजी ईशान्येला बोट दाखवत म्हणाली. सप्तर्षी अर्धेच उगवले होते. ‘म्हातारीची बाज. चार खूर वर आलेत. मागं तीन चोर आहेत, ते अजून डोंगराआड. रोज बाज पळवायला निघतात, रोज तसेच राहतात.’

‘तुला अंधार आवडायचा म्हणजे?’ मी विचारलं.

‘तारे आवडायचे. अंधार कोणाला आवडतो?’

आधी सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायचं ठरलं. मागे घर, वर आकाश, ओट्यावर आम्ही, पायरीवर कंदील. ऑटोफोकस अंधारात काम करत नाही, म्हणून स्क्रीनवर शर्मिष्ठेतला एक ठळक तारा मोठा करून हातानेच रिंग फिरवत फोकस केला. आयएसओ १६००, लेन्स जेवढी उघडते तेवढी उघडी, शटर तीस सेकंद. टेकी ओरडला, ‘हलायचं नाही! श्वास घ्या, पण हळू!’ टायमर लावून तो पळत आला.

तीस सेकंद म्हणजे किती, हे करून बघा. लिफ्टची वाट बघताना आपण तेवढ्यात तीनदा बटण दाबतो. टेकी पोचेपर्यंत शटर उघडलं होतं, वर मध्येच त्याला बघायचं होतं की लाल दिवा चालू आहे ना. एचआरच्या खिशात फोन थरथरला, तिने फक्त एकदाच, अगदी एकदाच बाहेर काढून पाहिला. मी आजीला थंडी वाजत नाही ना, म्हणून दोनदा वळले.

शटर मिटलं. स्क्रीनवर फोटो आला. टेकी म्हणजे दोन डोक्यांचं धुकं, त्याच्या पोटातून मागचा खांब आरपार दिसतोय. एचआरच्या जागी निळसर उजेडाचा फराटा. मला तोंडच नाही. आणि मध्ये आजी. स्पष्ट, ठाशीव. चष्म्याच्या काड्या, गालावरच्या सुरकुत्या, मांडीवर ठेवलेले दोन्ही हात. तिच्या डोक्यावर शर्मिष्ठा.

‘भुतं आलीत की तुमची,’ असं म्हणून आजी खूप हसली.

हे असं पहिल्यांदा झालं ते पॅरिसमध्ये, १८३८ मध्ये. लुई दागेर नावाच्या गृहस्थाने खिडकीतून एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, माणसं होती, गर्दी होती. फोटोत रस्ता रिकामा आला. सगळे हलत होते, म्हणून सगळे गायब. उरला फक्त कोपऱ्यावर बूटपॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला एक माणूस आणि अंधूकसा त्याचा पॉलिशवाला. फोटोत आलेलं पहिलं माणूस म्हणून त्याचं नाव घेतात, म्हणजे नाव कुणालाच माहीत नाही. कुठेतरी पोचायच्या घाईत असलेल्यांपैकी एकही त्यात नाही. हे मी टेकीला सांगितलं तर म्हणाला, ‘रिटेक करू.’ केला. तिघं नीट बसलो, फोटोही बरा आला. पण मला पहिलाच आवडतो. तो खरा आहे. आम्ही त्या ओट्यावर वर्षातून दोनदा येतो, घाईत येतो, धूसर येतो. आजी तिथे असते.

मग सव्वादहापासून पाऊण तास चिंचोका आणि रबरबँडने ड्यूटी केली. नव्वद फोटो. पहिल्या फोटोत पतंगी कागदाच्या बॅटरीने भिंत हलक्या हाताने रंगवली, ब्रश फिरवल्यासारखी, एका जागी न थांबता. मग कंदील विझवला आणि बाकीचे फोटो नुसते अंधारात. ट्राय करणार असाल तर एक टिप देते. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ तो स्वतःशी हिशेब करत बसतो आणि रेघा तुटक येतात. डीएसएलआर नसला तरी अडत नाही. हल्लीचे फोनही नाइट मोडमध्ये विटेला टेकवून ठेवले तर बऱ्यापैकी तारे टिपतात. फक्त हातात धरायचा नाही.

तिन्ही चोर डोंगराबाहेर पडायच्या आत तात्यांनी बटण दाबलं. शेवटचा फोटो पांढराफटक. आजी उठली, अंगणात उतरली, काठीशिवाय, आणि गोठ्याकडे एक चक्कर मारून आली. वीस पावलं जायची, वीस यायची. मी मोजली.

रविवारी सकाळी चहा पिताना टेकीने तात्यांना खांबाखाली उभं केलं. मुद्दा साधा होता. दिव्याचं तोंड वर, त्यामुळे निम्मा उजेड आकाशात आणि लोकांच्या डोळ्यांत, आणि गोठ्याच्या वाटेवर अर्धा अंधार. पंचायतीची वीज जाते ती जातेच. मीही पुस्ती जोडली. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, बदलले. जमिनीकडे तोंड असलेले बसवले. म्हणजे दिवा की तारे, असं भांडण मुळात नव्हतंच. मी आदल्या रात्री ते उगाच आजीपुढे नेऊन ठेवलं होतं.

तात्यांनी मान वर करून बराच वेळ दिव्याकडे पाहिलं. ‘आमच्या म्हशीलाबी झोप येईना यानं,’ म्हणाले. आणि घरात जाऊन तेलाचा रिकामा डबा घेऊन आले.

पंधरा दिवसांनी आजीचा फोन आला. पंचायतीत बोलून वायरमनने दिव्याची मान खाली वाकवली आणि डबा कापून त्याच्या पत्र्याची झालर कडेने बसवली.

‘आता ओट्यावर बसलं तर डोळ्यात येत नाही,’ आजी म्हणाली. ‘वाटंवर मात्र सुई पडली तरी दिसती.’

‘आणि बाजलं?’

‘दिसतंय की. चोरांसकट.’

मामासोबत मी दोन्ही फोटो मोठे करून, फ्रेम करून पाठवले होते. एकात घरावर फिरलेल्या नव्वद फोटोंच्या रेघा, दुसऱ्यात आम्ही सगळे. रेघांचा तिने तात्यांना देऊन टाकला. आमचा भिंतीवर लावला. पहिलाच, भुतांचा.

‘ज्याला त्याला सांगायला लागतं बाई,’ ती म्हणाली. ‘लोकं विचारतात, यात तुमची नात कुठंय?’

‘मी हलले ना गं आजी.’

‘कळलं ते. पुढल्या वेळी आलीस की जरा बस.’